तीन पैशांचा चिमटा आणि आपल्या घरातला हमीद

तीन पैशांत काय काय येतं? जत्रेतल्या चक्रात एका पैशात पंचवीस फेऱ्या मारता येतात. मातीचं खेळणं दोन पैशांना मिळतं. म्हणजे एक खेळणं घेऊन चक्रात बसलं की खिसा रिकामा, मग मिठाईचं नाव काढायचं नाही. चार-पाच वर्षांच्या मुलानं करायचा हिशेब आहे हा. आणि तो मुलगा करतोसुद्धा, मनातल्या मनात, कुणाला न सांगता.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ तुम्ही शाळेत हिंदीच्या तासाला वाचली असेल. आजोबांनी वाचली असेल, आईनं वाचली असेल आणि आता घरातलं शेंडेफळही वाचत असेल. १९३३ सालची ही कथा. मुलांसाठी चित्रांसह तिच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. तरीही एक तक्रार करावीशी वाटते. आपण ही कथा वाचतो ती शेवटाकडे धावत. हमीदनं स्वतःसाठी काही न घेता आजीसाठी चिमटा आणला, किती शहाणा मुलगा, तूही असाच हो! संपलं. मधली सगळी जत्रा आपल्या हातून निसटते. खरं तर लहान मुलाच्या एका दिवसातले चढउतार इतक्या बारकाईनं टिपणारं लेखन आपल्याकडे फार थोडं आहे. घरात तीन ते आठ वर्षांचं मूल असेल, तर ही कथा त्याच्याबरोबर पुन्हा एकदा उघडा. या वेळी चित्रं बघत, रेंगाळत.

प्रेमचंद वाराणसीचे. शहरापासून थोड्याच अंतरावर, आझमगढकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या लमही गावात ३१ जुलै १८८० रोजी त्यांचा जन्म झाला. खरं नाव धनपतराय. आई गेली तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते. ‘हंस’ हे मासिक त्यांनी १९३० साली वाराणसीतूनच सुरू केलं आणि ८ ऑक्टोबर १९३६ रोजी याच शहरात त्यांचं निधन झालं. लमहीतलं त्यांचं घर आजही लोक पाहायला जातात, ३१ जुलैला तर आवर्जून. काशीयात्रेला गेलात तर विश्वनाथ आणि गंगाआरती होतेच. सोबत मूल असेल तर अर्धा दिवस लमहीसाठी काढा. फक्त एक लक्षात असू द्या, कथेतल्या शहराला प्रेमचंदांनी नाव दिलेलं नाही. ‘हीच ती ईदगाह’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्यायचं आणि पुढे जायचं.

आता त्या दिवसाकडे येऊ. रमजानचे तीस रोजे संपून ईद आली आहे. गावापासून ईदगाह तीन कोस, म्हणजे साधारण नऊ-दहा किलोमीटर. पायी जायचं. महमूदकडे बारा पैसे आहेत, मोहसिनकडे पंधरा. हमीदकडे तीन. पायांत चपला नाहीत, डोक्यावर जुनी टोपी, तिची किनार काळी पडलेली. आणि हा मुलगा सगळ्यांत खूश आहे! का? तर त्याचे अब्बा पैसे कमवायला गेलेत, थैल्या भरून आणणार आहेत. अम्मी अल्लाच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे. असं त्याला आजीनं, अमीनानं सांगितलं आहे.

वाचकाला मात्र माहीत असतं. वडील पटकीनं गेले, आई झुरत, पिवळी पडत गेली.

इथे बरेच आईबाबा थबकतात. पाच वर्षांच्या मुलाला हे वाचून दाखवायचं? मूल विचारेल, ‘म्हणजे त्याची आई कुठे गेली?’ मग आपण काय सांगणार? म्हणून काही घरांत हा भाग गाळून एकदम जत्रेपासून वाचतात. मला ते पटत नाही. मुलांना मरण माहीत असतं. शेजारचे आजोबा गेलेले असतात, मांजरीचं पिल्लू गेलेलं असतं, परसातली चिमणी उताणी पडलेली त्यांनी पाहिलेली असते. नसतं माहीत ते एवढंच, की मोठी माणसं या विषयावर बोलू देतात की नाही. हमीदची गोष्ट त्यासाठी फार सोयीची आहे, कारण मरण इथे दुसऱ्याच्या घरातलं आहे आणि पुस्तक मिटता येतं. मुलानं विचारलंच तर साध्या शब्दांत सांगा, ‘ते दोघं वारले. आजीला ते सांगायचा धीर होत नाही, म्हणून ती असं म्हणते.’ पुढे मूल बहुतेक विचारेल, ‘मग हमीदला कधी कळणार?’ या प्रश्नाचं उत्तर कथेत नाही. दोघं मिळून विचार करा. मूल आणखी लहान, तिनाच्या आसपासचं असेल, तर तो विचारेपर्यंत थांबा. स्वतःहून समजावत बसू नका.

आणि तुमच्या घरात खरोखरच असं काही घडलं असेल, एखाद्या मुलाला आपणही ‘गावाला गेलेत’ असं सांगून ठेवलं असेल, तर ही कथा आधी एकटीनं किंवा एकट्यानं वाचा. मग ठरवा.

रस्त्यानं जाताना पोरं काय करतात ते पाहा. बागेतल्या आंब्यांवर खडे मारतात. माळी शिव्या देत बाहेर येतो, तोवर ही टोळी दूर जाऊन खिदळत असते. जिनांच्या गप्पा रंगतात. हमीद प्रश्न विचारतो, अचंबा करतो. इथवर तो नुसता लहान मुलगा आहे, कसलंही ओझं नसलेला. आजीला मात्र घरी घोर लागलेला. एवढंसं पोर तीन कोस चालणार, पाय सोलवटतील. हाताशी एकूण दोन आणे उरलेत. जुन्या हिशेबात आण्याचे चार पैसे, म्हणजे आठ पैसे. त्यातले तीन हमीदच्या खिशात आणि पाच तिच्या बटव्यात. मुलांना ही बेरीज करायला लावा. दशमान पैशांवर वाढलेल्या मुलांना आणे-पैसे गमतीचे वाटतात. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. मग त्यांना आपोआप कळतं, की आजीनं जे दिलं ते थोडं नव्हतं.

नमाज होते आणि खरी परीक्षा सुरू होते. चक्र फिरतंय, दोस्त लाकडी घोड्यांवर, उंटांवर बसलेत. हमीद दूर उभा. एकूण मालमत्तेचा तिसरा हिस्सा नुसतं गरगर फिरायला घालवायचा? नाही परवडत. मग खेळण्यांची दुकानं. महमूद शिपाई घेतो, मोहसिन पाठीवर पखाल घेतलेला भिश्ती, नूरे वकील, सम्मी धोबीण. हमीद म्हणतो, मातीचीच तर आहेत, पडली की फुटतील. म्हणतो खरं, पण डोळे त्या खेळण्यांवरून हलत नाहीत. एकदा तरी हातात मिळावं म्हणून हात आपोआप पुढे होतात. मित्र देत नाहीत. नवं खेळणं कोण देतं हो पहिल्या तासात?

मग मिठाई. मोहसिन हमीदला रेवडी देऊ करतो. हमीद हात पुढे करतो आणि मोहसिन ती रेवडी स्वतःच्याच तोंडात टाकतो. बाकीचे टाळ्या पिटून हसतात.

हे पान हळू वाचा. प्रत्येक मुलाच्या आयुष्यात ही रेवडी येते. कुणाला खेळात घेतलं नाही, कुणाला वाढदिवसाला बोलावलं नाही, कुणाच्या चित्राला सगळे हसले. मोठ्यांच्या दृष्टीनं क्षुल्लक बाब, म्हणून आपण ‘जाऊ दे, त्यात काय एवढं’ म्हणून मोकळे होतो. त्या वयात त्याच्याइतकं मोठं दुसरं काही नसतं. हमीद काय करतो? रडत नाही. म्हणतो, मिठाई ही काही मोठी चीज नाही, पुस्तकांत तिच्याबद्दल किती वाईट लिहिलंय. कोल्ह्याला द्राक्षं आंबट! आणि मोहसिन त्याला तिथेच पकडतो, मनातून तर तुला हवीच असणार. मुलांना ही जुगलबंदी भयंकर आवडते, कारण शाळेच्या बसमध्ये त्यांची रोज हीच चालते.

म्हणूनच म्हणते, हमीदला ‘आदर्श बाळ’ करू नका. त्याला खेळणं हवं आहे. मिठाई हवी आहे. तो खोटं बोलतो, बढाया मारतो, हिरमुसतो, मनात म्हणतो की हे सगळे किती स्वार्थी आहेत. आपल्या मुलासमोर असा मुलगा ठेवला तर मूल त्याच्या शेजारी जाऊन बसतं. पुतळा ठेवला तर मूल दुरून नमस्कार करतं.

लोखंडी सामानाच्या दुकानाशी बाकीची मुलं थांबत नाहीत, त्यांच्या कामाचं तिथे काय असणार? हमीद थांबतो. तव्यावरच्या पोळ्या काढताना आजीची बोटं भाजतात हे त्याला आठवतं. चिमटा केवढ्याला? दुकानदार म्हणतो, तुझ्या कामाची वस्तू नाही ती. मग म्हणतो सहा पैसे. हमीदचं काळीज बसतं. नीट भाव सांगा. बरं, पाच, घ्यायचा तर घे नाहीतर चालता हो. हमीद धीर करून विचारतो, तीन पैशांना देता? आणि दुकानदाराची बोलणी खावी लागू नयेत म्हणून उत्तराची वाट न बघता पुढे चालू लागतो. बोलणी येत नाहीत, हाक येते. चिमटा मिळतो.

वाचून दाखवत असाल, तर ‘तीन पैशांना देता?’ नंतर पान उलटू नका. थांबा. चित्रांच्या पुस्तकात पान उलटणं हाही मजकुराचाच भाग असतो. पुढच्या पानावर काय असेल हे मुलाला सांगू द्या. फोनवर गोष्ट सरकवत वाचली की नेमकी हीच गंमत हातची जाते. तुम्ही हा लेख फोनवरच वाचत आहात, तरी सांगते, लहान मुलासाठी कागदाचं पुस्तक घ्या. मांडीवर दोघांना मावतं आणि मधेच कुणाचा फोन येत नाही.

पुढे हमीद चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर टाकून ऐटीत येतो. मित्र हसतात. मग जो वाद होतो तो मोठ्यानं, नाटक करत वाचायचा. तुमचा शिपाई पाण्यात विरघळेल, माझा चिमटा वाघाशी लढेल. हळूहळू बाजू पलटते. चिमटा हातात घेऊन बघण्यासाठी आता मित्रच आपली खेळणी पुढे करतात. हमीदला शिपाई, वकील, भिश्ती, सगळं हाताळायला मिळतं! पण मला सगळ्यांत आवडतं ते यानंतरचं. जिंकलेला हमीद मित्रांचे उतरलेले चेहरे बघतो आणि म्हणतो, मी तुम्हाला चिडवत होतो, लोखंडाच्या चिमट्याला या खेळण्यांची सर कुठून? चार-पाच वर्षांचं पोर, जिंकल्यावर दुसऱ्याचं मन राखतं. चिमट्याच्या त्यागापेक्षा हे मला अवघड वाटतं. परतीच्या वाटेवर महमूदला केळी मिळतात आणि तो ती एकट्या हमीदबरोबर वाटून खातो. सकाळी कोण कुणाला हसत होतं, हे दोघंही विसरलेले. मुलांची भांडणं अशीच मिटतात, मोठ्यांनी मधे पडून ‘सॉरी म्हण’ असा हट्ट धरला नाही तर.

घरी पोहोचल्यावर एकेक खेळणं मोडतं. भिश्ती मोहसिनच्या बहिणीच्या हातून पडून फुटतो, शिपायाचा पाय तुटतो. वाराणसीतल्याच खोजवां-कश्मीरीगंज भागात लाकडाची, लाखेच्या झळाळत्या रंगांची खेळणी बनतात, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. तसलं खेळणं असतं तर थोडं अधिक टिकलं असतं, असा एक विचार उगाच मनात येऊन जातो. चिमटा बघून आजी आधी रागावते. दिवसभर खाल्लं नाहीस, प्यायला नाहीस, आणि आणलंस काय तर हे? मग कारण कळतं आणि ती रडू लागते. ती का रडते हे हमीदला समजत नाही. तुमच्या मुलालाही कदाचित समजणार नाही. समजावू नका. काही पानं मोठं झाल्यावर उघडतात.

लहान मुलाचा साधा दिवस हाच पुस्तकाचा विषय होऊ शकतो, हे जगभरच्या चित्रकार-लेखकांनी दाखवून दिलं आहे. अमेरिकेत एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’ १९६२ साली आलं. पीटर नावाचा मुलगा बर्फात खेळतो आणि बर्फाचा एक गोळा उद्यासाठी खिशात ठेवून घरात येतो. रात्री खिसा तपासतो तर रिकामा. एवढंच दुःख. पण ते किती खरं! त्या पुस्तकाच्या चित्रांना १९६३ चं कॅल्डेकॉट पदक मिळालं. इंग्लंडच्या शर्ली ह्यूज यांच्या ‘डॉगर’ (१९७७) मध्ये डेव्हचा कापडी कुत्रा हरवतो आणि शाळेच्या जत्रेत विक्रीला ठेवलेला सापडतो, तोही दुसऱ्या कुणीतरी विकत घेताना. बहीण बेला आपल्याला बक्षीस मिळालेलं मोठं अस्वल देऊन तो परत मिळवते. जत्रा, खेळणं, कुणीतरी कुणासाठी काहीतरी सोडणं. लमही आणि लंडनमध्ये किती अंतर आहे ते नकाशात बघा. ज्युडिथ व्हिओर्स्ट यांच्या १९७२ सालच्या पुस्तकातला अलेक्झांडर तर सकाळी उठतो तोच केसांत च्युइंगम चिकटलेलं, आणि दिवसभर एक गोष्ट धड होत नाही. शेवटी आई एवढंच म्हणते की काही दिवस असेच असतात.

मराठीत हे काम माधुरी पुरंदरे यांनी केलं. लिहितात त्या आणि चित्रंही त्याच काढतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली त्यांची ‘राधाचं घर’ आणि छोट्या यशची पुस्तकं कितीतरी घरांत अक्षरशः फाटेपर्यंत वाचली गेली आहेत. ‘हात मोडला’, ‘मोठी शाळा’. नावांतच विषय कळतो. राक्षस नाही, परी नाही, तात्पर्य तर नाहीच. चित्रांतली घरंही आपल्यासारखी, सामानसुमान पसरलेली. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ साली पराग संस्थेचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार मिळाला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांना या पुस्तकांचा आणखी एक उपयोग आहे. वाराणसीत ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या आसपास मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तिथल्या मुलाची गल्लीतली भाषा हिंदी-भोजपुरी, शाळेतली हिंदी नाहीतर इंग्रजी आणि घरातली मराठी. इंदूर, बडोदा, हैदराबाद, अगदी न्यू जर्सीतही थोडंफार असंच. अशा मुलाला ‘जेव’, ‘झोप’, ‘अभ्यास कर’ एवढं मराठी येतं, कारण तेवढंच त्याच्याशी बोललं जातं. हिरमुसणं, रुसणं, खट्टू होणं, चिडवणं, वरमणं, कुढणं, गट्टी फू होणं, हे शब्द आज्ञांमधून शिकवता येत नाहीत. ते कुणाच्या तरी फजितीच्या गोष्टीतून येतात. रेवडीच्या प्रसंगात हमीद ‘सॅड’ झाला की खट्टू झाला? चक्रापाशी तो रुसला, हिरमुसला की नुसता गप्प झाला? मुलाला निवडू द्या. चुकीचं उत्तर नसतंच.

एक काम मात्र या सुट्टीत करून बघाच. प्रेमचंदांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, त्यामुळे हमीदचं चित्रांचं पुस्तक तुम्ही घरीच बनवू शकता. ए-फोर आकाराचा एक कागद घ्या. आधी लांबीत, मग रुंदीत, मग पुन्हा एकदा घडी घालून आठ चौकोन पाडा. कागद उघडून रुंदीत मधोमध दुमडा आणि घडीच्या बाजूनं मधल्या रेषेवर पहिल्या चौकोनापुरती कात्री चालवा. पुन्हा उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, आठ पानांची पुस्तिका तयार. डिंक नको, स्टेपलर नको. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून सहा पानं उरतात. कुठले सहा प्रसंग घ्यायचे हे मुलानं ठरवायचं. मोठी माणसं हमखास चिमटा आणि आजीचे अश्रू निवडतात. मुलं बहुधा माळ्यानं दिलेल्या शिव्या आणि चक्र निवडतील. निवडू द्या. चित्र येत नसेल तर काडीची माणसं चालतात, आणि चिमटा काढणं तर सगळ्यांत सोपं, दोन रेघा एका टोकाला जुळवल्या की झालं.

मग दुसरा कागद घ्या आणि त्याच आठ पानांत मुलाचा स्वतःचा आजचा दिवस बसवा. सकाळी दूध सांडलं. बसमध्ये खिडकी मिळाली. डब्यात पुन्हा भेंडी. मित्रानं खोडरबर दिलं नाही. संध्याकाळी पाऊस आला. तुम्ही फक्त त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे खाली लिहायचे, व्याकरण न सुधारता. एखाद्या पानावर तुम्हीच ओरडताना दिसलात, तर तेही तसंच राहू द्या. दाराआड उभं राहून आजीला ते पुस्तक वाचून दाखवताना मूल कुठल्या पानावर थांबतं, तेवढं ऐका.